सातवा रकाना

आमच्या गावच्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर नागरिकांची सनद रंगवलेली आहे. ती वाचणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. मी मात्र ती वाचली, कारण रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी महिन्यातून एकदा तिथल्या रांगेत उभे राहावे लागते आणि उभी हयात तालुक्याच्या न्यायालयात कारकुनी केलेल्या माणसाला समोरचा मजकूर न वाचता सोडता येत नाही. सनदेच्या तळाशी, जिथे पाणी मुरून रंगाचे पापुद्रे सुटले होते, तिथे लिहिले होते की दहा ते एकोणीस या वयातील मुलामुलींसाठी स्वतंत्र खोलीत, आठवड्यातून दोन दिवस, आरोग्यविषयक सल्ला व समुपदेशन मिळेल. ही खोली कुठे आहे, असे मी शिपायाला विचारले.

"तुमाला कशाला पायजे, काका?" तो म्हणाला. "तुमचं वय बसत नाय त्याच्यात."

रांग हसली. मी रांग सोडून मागच्या बाजूला गेलो. खोली होती. तिच्यात ब्लीचिंग पावडरची पिंपे, एक मोडके टेबल, पोलिओ मोहिमेचे जुने फलक आणि एक मोटरसायकल होती. मोटरसायकल शिपायाची होती, म्हणून किल्लीही त्याच्याकडेच होती.

मी पत्रे लिहितो. कुणी पान खातो, कुणी पत्ते खेळतो. मी पत्रे लिहितो. पत्राला जावक क्रमांक घालतो, पोच घेतो, मुदतीत उत्तर आले नाही तर स्मरणपत्र पाठवतो आणि स्मरणपत्रालाही उत्तर आले नाही तर मला बरे वाटते, कारण मग वरच्या कार्यालयात जाण्याचा रस्ता मोकळा होतो. गावात माझी थट्टा होते, हे मला ठाऊक आहे. परंतु त्या खोलीतली मोटरसायकल बाहेर आली ती थट्टेने आली नाही. सात पत्रांनी आली.

या खोलीसाठी एवढे इरेला का पेटावे, हे सांगितले पाहिजे. कर्जत आणि खालापूरच्या मधल्या आमच्या या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत जमिनी गेल्या आणि माणसे राहिली. ज्या खाचरात बापाने भाताची आवणी केली त्याच खाचरावर उभ्या राहिलेल्या बंगल्याच्या फाटकाशी आज तोच बाप निळा शर्ट घालून बसतो आणि आलेल्या गाड्यांचे नंबर लिहून घेतो. मुलगा शनिवार-रविवार रिसॉर्टवर खुर्च्या लावतो. मुलगी सहा आसनी रिक्षात नववी बसून कर्जतला कॉलेजला जाते. वाडीवरच्या मुली तर आधी तासभर डोंगर उतरतात आणि मग रिक्षा शोधतात. या वयात जे मनात येते, अंगात होते आणि मोबाइलवर दिसते, ते कुणाला विचारायचे? पूर्वी निदान क्रिकेटचे मैदान होते. आता तिथे रिसॉर्टच्या गाड्या उभ्या राहतात. अशा वेळी शासनाने कागदावर का होईना, एक खोली देऊ केली होती. कागदावर जे दिले आहे ते जमिनीवर मागणे याला मी भीक समजत नाही.

खोली झाडली गेली, आणि एक समुपदेशक ताई नेमल्या गेल्या. त्या कंत्राटी होत्या आणि खोपोलीहून एसटीने येत. त्यांनी खिडकीला पडदा लावला, दोन खुर्च्या समोरासमोर न ठेवता जरा तिरक्या ठेवल्या, कारण समोरासमोर बसले की मुलाला मास्तर आठवतात, असे त्यांचे म्हणणे. पहिला महिना कुणी फिरकले नाही. दुसऱ्या महिन्यात दोन मुले आली. पुढे पुढे बाहेरच्या बाकावर चपला दिसू लागल्या. मी त्या बाकावर बसून पाहत असे. एके दिवशी ताई बाहेर आल्या.

"काका, रागावू नका," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही इथे बसू नका. तुम्ही दिसलात की पोरं फाटकातूनच मागे वळतात."

"मी कुणाला काही विचारत नाही."

"विचारत नाही, पण मोजता ना?"

मी उठलो आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. तिथूनही फाटक दिसत होते.

वर्ष होत आले तसे वरून पत्र आले. सदर सुविधेस अत्यल्प प्रतिसाद असल्याने खोली औषध भांडारासाठी वापरण्याचे प्रस्तावित आहे. हे पत्र ताईंनी मला दाखवले. अत्यल्प हा शब्द कुणी मोजला? माझ्या डोळ्यांदेखत मुले आत जात होती. मी त्याच दिवशी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला आणि त्या खोलीच्या नोंदवहीच्या साक्षांकित प्रती मागितल्या.

इथे मी थांबून माझा गुन्हा नोंदवतो. मला हवा होता आकडा. आकडा मागितला असता तर एका ओळीत मिळाला असता. पण सरकारने दिलेला आकडा मी कधी खरा मानलेला नाही. मला अस्सल कागद लागतो. कार्यालयाने पहिल्यांदा नकार दिला. नोंदवहीत वैयक्तिक माहिती आहे, ती देता येत नाही, असे कारण लिहिले. कारण बरोबर होते. मी ते वाचले आणि मला ते निमित्त वाटले, कारण याच कलमाची ढाल पुढे करून आजवर मला कितीतरी कागद नाकारले गेले होते. मी अपील केले. अपिलात असे काही लिहिले की पुढच्या पंधरवड्यात एका लिपिकाने वैतागून अख्खी नोंदवही छायांकित केली आणि पानोपानी शिक्का मारून मला पाठवून दिली. एक अक्षर झाकलेले नव्हते. अनुक्रमांक, दिनांक, नाव, वय, गाव, पालकाचे नाव, आणि सातव्या रकान्यात येण्याचे कारण.

मी पाने जेवणाच्या टेबलावर पसरली आणि बोट ठेवून ओळी मोजल्या. दोनदा मोजल्या. मग जिल्ह्याला निवेदन लिहिले, पाने परिशिष्ट म्हणून जोडली आणि नेहमीप्रमाणे खाली प्रती लावल्या: तालुका आरोग्य अधिकारी, गटविकास अधिकारी, सरपंच, ग्रामसेवक. ग्रामपंचायत माझी पत्रे फायलीत पुरून टाकते, असा पूर्वानुभव असल्याने शेवटी माझे नेहमीचे वाक्य घातले, की सदर पत्र परिशिष्टासह ग्रामसभेत वाचून दाखवण्यात यावे.

ग्रामसभा सकाळी देवळापुढच्या मंडपात भरली. मी पहिल्या रांगेत होतो. आवक पत्रांचा विषय आला आणि ग्रामसेवकाने माझे निवेदन उचलले. इतक्या वर्षांत माझे पत्र पहिल्याच पुकाऱ्याला वाचले जात होते. तो एका सुरात, सातबारा वाचावा तसा वाचत गेला. निवेदन संपले आणि तो परिशिष्टाकडे वळला. अनुक्रमांक एक. नाव, वय, बापाचे नाव, कारण. मागून कुणीतरी खिदळले. अनुक्रमांक दोन.

पाचव्या नावापर्यंत मी उठलो नाही. यावर माझ्याकडे बचाव नाही. पहिल्या चार नावांना मी मान डोलावत होतो, कारण माझ्या डोक्यात ती नावे नव्हती, पुरावा होता.

पाचवे नाव एका मुलीचे होते. तिचा बाप खांबाला टेकून उभा होता. घरची भातशेती थोडी उरलेली, बाकी वेळ एका फार्महाऊसवर देखरेखीचे काम. त्याने मान वर केली. ग्रामसेवकाने सातवा रकाना वाचला. त्यात चार शब्द होते. ते मी इथे लिहिणार नाही. तिच्या घरात जे अजून बोललेही गेले नव्हते ते त्या चार शब्दांत होते, एवढे पुरे.

मी उठून म्हणालो, "थांबवा. वाचू नका."

"काका, तुमीच लिवलंय की, परिशिष्टासह," ग्रामसेवक म्हणाला. "आन् नाय वाचलं तर तुमी माझ्यावर अर्ज करणार."

मंडप हसला. बाप मंडपातून निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी रिक्षाच्या थांब्यावर नव्हती. तिसऱ्या दिवशीही नव्हती. आठवडाभरात आरोग्य केंद्रातल्या त्या बाकावर एकही चप्पल दिसेना. आणि गावातल्या चार शहाण्यांनी मागणी केली की असली खोली गावात नकोच. पोरींना घरचे बाहेर सांगायला शिकवते. विशेष ग्रामसभा बोलवा आणि ती बंद करण्याचा ठराव करा. ज्या खोलीसाठी मी सात पत्रे लिहिली तिला बंद पाडायला एक पत्र पुरले होते, आणि तेही माझेच.

मी काय केले? कलमे उघडली. माहिती अधिकाऱ्याने त्रयस्थ व्यक्तीला कळवायला हवे होते, नावे झाकायला हवी होती, नकारावर ठाम राहायला हवे होते. मी त्याच्याविरुद्ध तक्रारीचा मसुदा लिहायला घेतला. आमच्या मंडळींनी ताट आणून ठेवले आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"अहो, कुणाविरुद्ध चाललंय आता?"

मी सांगितले.

"त्या माणसानं एकदा नाही म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतं."

"आणि तुम्ही त्याच्याशी भांडून ते घेतलंत." त्यांनी मसुद्यावर ताट सरकवले. "पानं टेबलावर होती तेव्हा त्या पोरीचं नाव तुम्ही बघितलं नव्हतं का? दिवाळीत फराळ द्यायला येते ती आपल्याकडे."

मी पाहिले नव्हते. मी ओळी मोजल्या होत्या. मसुदा तसाच राहिला.

ताईंकडून कळले की कॉलेजात परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत जवळ आली होती. मुलगी पहिल्या वर्षाला. फॉर्म गेला की वर्ष गेले, आणि आमच्याकडे मुलीचे एक वर्ष गेले की पुढचे कुणी विचारत नाही. त्या घरात लग्नाच्या बैठकीच्या गोष्टी सुरूही झाल्या होत्या. म्हणून मी तिच्या घरी गेलो. बाप अंगणात मोटरसायकलची साखळी साफ करत होता. त्याने मला बसा म्हटले नाही.

"माफी मागायला आलोय," मी म्हणालो.

"लेखी की तोंडी?"

"तोंडी."

"मग ऱ्हाऊ द्या. तुमचं तोंडी कोण धरतो." त्याने साखळीवर फडके फिरवले. "काका, तुमचा कागद गावभर फिरला. आता माझ्या घरात काय चालतं ते टपरीवरचा पोऱ्या मला सांगतो. माझ्या पोरीनं ते मला सांगायला पायजे होतं, तर ते ग्रामसेवकानं सांगितलं. आमी काय समजायचं?"

"दोष माझा आहे. तिचा नाही. तिला कॉलेजला जाऊ दे."

"दोष कुनाचा त्याच्यानं काय फरक पडतोय? बोलनाऱ्यांना तिचंच नाव ठावं हाय."

मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता, पण तो तिने पुढे केला नाही.

"काका, मला अठरा पूर्ण झालीत," ती म्हणाली. "त्या वहीत सही मीच केली. ताई म्हणाल्या होत्या, वही कपाटात राहणार, कपाटाला कुलूप असतं. त्यांनी खोटं नव्हतं सांगितलं. तुम्ही त्यांचा शब्द मोडलात."

"हो."

"आता माझ्यासाठी कुठे अर्ज करू नका. कॉलेजात नाही, तहसीलला नाही. केलात तर परत नाव येईल."

"पत्र नाय लिवलं तर यांचा हात दुखंल गं," बाप म्हणाला.

"दुखू दे," ती म्हणाली आणि आत गेली. तांब्या उंबऱ्यावर ठेवून गेली. मी पाणी प्यालो. घरी येताना माझ्या लक्षात आले की माझ्या हातात काहीच उरले नव्हते. लेखणी तिने काढून घेतली होती, आणि तसा तिला पूर्ण अधिकार होता.

विशेष ग्रामसभेच्या दिवशी मंडप भरलेला होता. ठराव मांडणारा एक प्रतिष्ठित गृहस्थ. नाव सांगत नाही, नावे सांगण्याची माझी खोड मोडली आहे. त्याने संस्कृती, गावाची अब्रू आणि परक्या बाईने पोरींचे कान भरणे यांवर भाषण केले. मी बोलण्याची परवानगी मागितली. सरपंचबाईंनी मुद्द्याचे बोला असे बजावून दिली.

पहिला मुद्दा कायद्याचा होता आणि तो मी सोडणार नव्हतो. आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे आहे. ते ग्रामसभेच्या ठरावाने बंद होत नाही. तुमचा ठराव म्हणजे शेजाऱ्याच्या घराला आपले कुलूप लावणे आहे. दुसरा मुद्दा असा, की गेल्या सभेत जी नावे वाचली गेली ती माझ्या चुकीने वाचली गेली. त्या मुलांनी कोणताही गैर प्रकार केलेला नाही, मी केला आहे. आणि हे वाक्य माझ्या नावासह इतिवृत्तात जसेच्या तसे लिहावे. ग्रामसेवकाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "लिही. मी थांबतो."

त्याने लिहिल्यावर मी खिशातून माझा केस पेपर काढला.

"आजार सांगायला गेलं की अब्रू जाते, असं आताच ऐकलं," मी म्हणालो. "हा माझा कागद. त्याच केंद्रातला, तोच शिक्का. मोजा किती जाते ती."

आणि मी वाचला. रक्तदाब. लघवीला वारंवार जाणे, कधी कपडे खराब होणे. बायकांच्या बाजूला पदर तोंडावर गेले. मी वाचत राहिलो. निवृत्तीनंतर दोन वर्षे झोपेची गोळी. डॉक्टरांनी कंसात लिहिलेले उदास, एकटा बसतो, रडू येते. हे आमच्या घराबाहेर कुणालाही ठाऊक नव्हते. आमच्या मंडळी तिसऱ्या रांगेत ताठ बसून होत्या. त्यांना मी सकाळी विचारले होते, आणि त्या म्हणाल्या होत्या, वाचा, पण कपडे कोण धुतं तेही सांगा. मी तेही सांगितले.

"माझ्या वयाला उदास झालेलं चालतं आणि अठराव्या वर्षी चालत नाही, असं कोणत्या कायद्यात आहे?" मी विचारले. "मागल्या सभेत पोरांची कारणं ऐकून ज्यांना हसू आलं, त्यांनी आपापला केस पेपर आणावा. मी वाचून देतो. माझा आवाज चांगला आहे."

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "माजा आन गं घरनं. वाचू दे त्याला. मला बी कळंल मला काय झालंय, डाक्टर तर सांगत नाय."

तिच्या सुनेसकट सगळा मंडप हसला. मागल्या सभेतले हसू निराळे होते.

सरपंचबाईंनी ठरावाला अनुमोदक विचारला. ठराव मांडणाऱ्याने मागे वळून खांबाकडे पाहिले. मुलीचा बाप तिथेच उभा होता, आणि त्याने हात वर करायचा हे आधीच ठरलेले असावे, कारण तीन-चार माना एकदम तिकडे वळल्या. ज्याच्या घरावर हा प्रसंग आला त्यानेच अनुमोदन द्यावे, यापेक्षा भक्कम काय असणार? त्याने हाताची घडी घातलेली होती. तो जमिनीकडे पाहत होता.

"अरं, बोल की," कुणीतरी म्हणाले.

"मला कायबी बोलायचं नाय," तो म्हणाला. "गावानं लई बोलून घेतलंय."

सरपंचबाईंनी दुसऱ्यांदा विचारले. मग ग्रामसेवकाने लिहिले की अनुमोदक न मिळाल्याने ठराव विचारात घेतला नाही. एवढ्या वर्षांत याहून सुंदर मराठी वाक्य मी इतिवृत्तात पाहिलेले नाही.

दोन दिवसांनी सकाळी मी रिक्षाच्या थांब्यावर होतो. मुद्दाम होतो, खोटे का बोलू. बाप मोटरसायकलवरून तिला घेऊन आला. ती उतरली, पाठीला सॅक, हातात फॉर्मची प्लॅस्टिकची पिशवी. कर्जतची रिक्षा भरत आली होती. तिने पुढे ड्रायव्हरशेजारी अर्धी जागा धरली आणि रिक्षा गेली. बापाने गाडी वळवली आणि माझ्यासमोर येऊन क्षणभर पाय टेकला.

"फॉर्म भरंल. कॉलेज करंल. त्या खोलीत जायचं का नाय ते तिचं ती बघंल," तो म्हणाला. "पन तुमच्याशी मी बोलनार नाय, काका."

"बरोबर आहे," मी म्हणालो. तो अजून बोलत नाही. फराळही आता येत नाही.

खोली चालू आहे. औषध भांडाराचा प्रस्ताव अजून फायलीत जिवंत आहे आणि मीही आहे. ताईंनी नोंदवहीत नावाच्या जागी क्रमांक घालायला सुरुवात केली. तपासणीला आलेल्या साहेबाने नावे कुठे म्हणून विचारले तेव्हा त्यांनी त्याला माझा पत्ता दिला. तो आला, माझ्या ओसरीवर दोन तास बसला आणि क्रमांक मान्य करून गेला. बाकावरच्या चपला वाढल्या आहेत असे ताई सांगतात. मी पाहिलेल्या नाहीत. गोळ्या आणायला मी आता पुढच्या दाराने जातो आणि पुढच्याच दाराने परत येतो, आणि त्या टपरीवर चहा पीत नाही.

हे लिहून झाल्यावर मी ताईंच्या हाती ही पाने त्या मुलीकडे पाठवली आणि निरोप दिला, की तुला नको असेल तर छापायला देणार नाही. आठ दिवसांनी पाने परत आली. तिने दोन वाक्ये लाल पेनाने खोडली होती आणि एका ठिकाणी, जिथे मी ती रडली असे लिहिले होते तिथे, समासात नोंदवले होते की मी रडले नव्हते. ती तिन्ही वाक्ये मी काढून टाकली आहेत. बाकीच्याला तिची हरकत नाही.